नुसती ऐकणारी बाई

आरोग्य केंद्राच्या दारावर नर्सताईंनी एक कागद चिकटवला. जाता-येता सगळ्यांनी तो थांबून वाचला, आणि कुणी बघतंय असं दिसलं की चप्पल नीट करायला थांबलो होतो असं दाखवून पुढे सटकले.

कागदावर लिहिलं होतं: रविवारी दुपारी इथे या. ज्याला वाटेल त्याने आपल्या आयुष्यात घडलेलं काहीतरी सांगावं. दुसऱ्याचं नको, स्वतःचं. कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. इथलं बाहेर न्यायचं नाही. चहा मिळेल.

"चहा कशाला?" पहिली शंका किराणा दुकानदाराने काढली. "फुकटचा चहा पाजून कुणी कुणाचं भलं केलंय का आजवर? यात काहीतरी गोम आहे."

गोम काय असावी यावर आठवडाभर दुकानासमोरच्या बाकावर खल झाला. कुणी म्हणालं, नर्सताई निवडणुकीला उभ्या राहणार. कुणी म्हणालं, वरून माणसांची माहिती काढायचा हुकूम आलाय आणि टेबलाखाली रेकॉर्डिंगचं यंत्र असणार. एका म्हाताऱ्याने तर छातीठोकपणे सांगितलं की शहरातली कुठली तरी कंपनी आपल्या जमिनी घ्यायला टपली आहे, आणि त्याआधी कोण किती हळवा आहे ते बघून ठेवतेय.

खरं कारण साधं होतं आणि विचारलं तर नर्सताई ते सांगतही होत्या. पण साध्या कारणावर त्या गावात कुणाचा विश्वास बसत नसे. नर्सताईंकडे लोक डोकं दुखतं म्हणून यायचे, झोप लागत नाही म्हणून यायचे, छातीत जळजळतं म्हणून यायचे. नाडी बघता बघता त्यांनी जरा चौकशी केली की दुखणं हमखास शेजाऱ्यापाशी जाऊन थांबायचं. त्याने बांध सरकवला. तिने माझ्या कुत्र्याला काहीतरी खायला घातलं. ते मला बघून मुद्दाम खाकरतात. "तुम्हा सगळ्यांना एकच रोग आहे," त्या एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "आणि त्यावरची गोळी माझ्या कपाटात नाही."

पहिल्या रविवारी जे मोजके लोक गेले त्यांत मधवाली होती. याचं सगळ्यांना नवल वाटलं, कारण तिच्याइतकी संशयी बाई गावात दुसरी नव्हती. तिच्या घराच्या मागे मधमाश्यांच्या पेट्या होत्या आणि ती मध विकायची. विकताना आधी गिऱ्हाईकासमोर बाटलीतला बोटभर मध स्वतः चाटायची, मगच झाकण लावून बाटली हातात द्यायची. लोक हसायचे. "हिचा स्वतःच्या मधावरसुद्धा भरवसा नाही," असं म्हणायचे. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरी पाहुण्यासारखा यायचा. घरात ती आणि तिची थोरली नणंद, दोघीच. नणंद दूध केंद्रावर दुधाची फॅट तपासायची आणि तिथे येणाऱ्या प्रत्येक माणसाचीही जाता जाता तपासणी करून घ्यायची.

"तू आणि गोष्टी ऐकायला?" नणंद म्हणाली. "खरं सांग, कशाला चाललीस?"

"तो येणार आहे, वन्सं," मधवाली म्हणाली. "माणूस बोलायला लागला की कुठे ना कुठे घसरतो. तो घसरला की मी तिथे असायला हवी."

"म्हणजे ऐकायला नाही, पोलिसात भरती व्हायला चाललीस."

तो म्हणजे शेजारचा बागवाला. त्याची लिंबाची बाग आणि तिच्या पेट्या यांच्यामध्ये नुसती तारेची जाळी होती. मागच्या बहरात एका सकाळी मधवाली मागच्या दाराने बाहेर आली तर पेट्यांपुढे माश्यांचा खच पडलेला. काही अजून पाय झाडत होत्या. मेलेल्यांच्या जिभा बाहेर आलेल्या. माशी म्हातारी होऊन मेली तर अशी जीभ काढत नाही, ती विषाने मेली तर काढते, हे तिला ठाऊक होतं. तिने मूठभर माश्या ओच्यात घेतल्या आणि तशीच बागवाल्याच्या फाटकावर गेली. गल्ली गोळा झाली. तिने त्याला खुनी म्हटलं, औषध मारणारा कसाई म्हटलं आणि बरंच काही म्हटलं, जे नंतर दूध केंद्रावर नणंदेला लोकांनी शब्दन् शब्द ऐकवलं. बागवाला आतून एक शब्द बोलला नाही. फाटक लावून घेतलं, आणि त्यानंतर पंपाच्या खोलीला भलंमोठं कुलूप घातलं. ते कुलूप बघून मधवालीची खात्रीच पटली. लपवायला काही नसेल तर कुलूप कशाला?

त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. रस्त्यात समोरासमोर आले तर तो चप्पल बघत जायचा आणि ती आभाळ.

पहिल्या रविवारी कुणीच बोललं नाही. लसीकरणाच्या खोलीत बाकं गोल मांडली होती. प्रत्येकाने भिंतीला पाठ लागेल अशी जागा धरली. दुकानदाराने चहाचा कप घेण्याच्या निमित्ताने वाकून टेबलाखाली बघून घेतलं. शेवटी नर्सताईच बोलल्या. शिकत असताना पहिल्यांदा त्यांना जखमेवर पट्टी करायला सांगितली तेव्हा रक्त बघून त्यांनाच भोवळ आली, आणि ज्याचा पाय फाटला होता त्याच माणसाने त्यांना सावरून कॉटवर बसवलं, पाणी पाजलं, वर "पोरी, होतं असं" म्हणून समजूत घातली. दोघंतिघं हसले. बाहेर पडल्यावर दुकानदार म्हणाला, "आपण सांगावं म्हणून आधी स्वतःचं सांगितलं. हुशार आहे बाई."

तरी पुढच्या रविवारी माणसं आली, आणि त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. कुणीतरी लहानपणी जत्रेत हरवल्याचं सांगितलं. कुणी बायको बाळंतपणात दगावता दगावता वाचल्याचं. मधवाली कोपऱ्यात बसून ऐकायची. सगळ्यांचं नाही, म्हणजे कानांवर पडायचं, पण तिचा डोळा बागवाल्याच्या हातांवर असायचा. तो हात कसे चोळतो, कुणाच्या कोणत्या शब्दावर खाली बघतो, सगळं ती टिपत होती.

एका रविवारी बागवाला बोलला. उंच, वाकलेला माणूस. बोलताना समोरच्याकडे न बघता रिकाम्या कपात बघायचा.

"मी तरुणपणी शहरात रंगाच्या कारखान्यात होतो," तो म्हणाला. "पिंपांची झाकणं उघडायचं काम होतं. तोंडावर फडकं बांधायचो, पण उपयोग काय. हळूहळू वास येईनासा झाला. आधी मला कळलंच नाही. घरात दूध करपलं, बायको धावत आली, मी शेजारीच बसलेलो. तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाला, आता हे असंच." त्याने कप दुसऱ्या हातात घेतला. "पुढे बाग लावली. लिंबाला फुलं आली की म्हणे सगळी गल्ली दरवळते. मला काही नाही. मी आपला झाडाखाली उभा राहतो. बहर किती आलाय ते मला माश्यांच्या आवाजावरून कळतं. बाग गुणगुणायला लागली की मी बायकोला म्हणतो, आला बहर. मागच्या वर्षी आवाजच आला नाही. फुलं होती, पण बाग मुकी होती. फळही धरलं नाही."

नर्सताईंनी डोळे पुसले. मधवालीच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली.

घरी येऊन ती नणंदेला म्हणाली, "काय नाटकी माणूस आहे! माझ्यासमोर माश्यांचं कौतुक करतो. आणि बघा ना, वास येत नाही म्हणजे औषध जास्त झालं तरी याला कसं कळणार? स्वतःच्या तोंडाने कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"की त्याला कळत नाही!"

नणंदेने कपाळावर हात मारला. "अगं, तो आंधळा आहे म्हणाला असता तरी तू म्हणाली असतीस, अंधारात विष कालवायची सवय असणार."

मधवालीच्या डोक्यात मात्र झोपेपर्यंत ती मुकी बाग घोळत राहिली आणि त्याचा तिला राग येत होता.

त्यानंतर गवंड्याने सांगितलं. गावातली निम्मी घरं ज्याने बांधली असा धिप्पाड माणूस. तो म्हणाला की मागच्या उन्हाळ्यात गच्चीच्या कठड्यावरून पाय निसटला, बांबूला लटकला म्हणून वाचला. लागलं काहीच नाही, पण तेव्हापासून शिडीवर पाय ठेवला की पोटऱ्यांचं पाणी होतं. वरची कामं मेहुण्याकडून करून घेतो आणि स्वतः खाली उभा राहून उगाच आरडाओरडा करतो, म्हणजे कुणाला संशय येणार नाही. "बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. म्हाताऱ्याने, ज्याने कंपनीची बातमी पसरवली होती त्याच म्हाताऱ्याने, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आणि चारच दिवसांत ते गावभर झालं. दुकानासमोरच्या बाकावर एक टवाळ शिडी चढताना लटपटणाऱ्या माणसाची नक्कल करत होता. दूध केंद्राच्या नव्या गोदामाचं काम गवंड्याला मिळायचं जवळजवळ ठरलं होतं, ते कंत्राटदाराने दुसऱ्याला दिलं. "गवंडी वर चढत नाही म्हणे," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या रविवारी खोली गच्च भरली. या वेळी कुणी चहाला हात लावला नाही. गवंडी दाराशी उभा होता. बसला नाही.

"मला फक्त एवढं सांगा," तो म्हणाला. "कुणी?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. नर्सताई म्हणाल्या, "कुणी नेलं असेल तर त्याने स्वतःहून सांगावं." मग दुकानदार खाकरला.

"मी म्हणतो, जरा विचार करा," तो म्हणाला. "आपण सगळ्यांनी काही ना काही सांगितलंय. म्हणजे आपल्या प्रत्येकाचं काहीतरी दुसऱ्याच्या हातात आहे. आपण कशाला दुसऱ्याचं बाहेर नेऊ? पण एक माणूस इथे असा आहे ज्याने आजवर एक शब्द सांगितलेला नाही. येतो, कोपऱ्यात बसतो, नुसतं ऐकतो आणि जातो."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

मधवालीला आधी कळलंच नाही की हे आपल्याबद्दल आहे. कळलं तेव्हा तिचे कान तापले. "मी?" ती म्हणाली. "मी कशाला सांगू?"

"तुमच्या वन्सं दूध केंद्रावर असतात," मागून कुणीतरी म्हणालं. "गोदामही दूध केंद्राचंच."

"मी त्यांना हे सांगितलेलं नाही!"

"मग इथे येता कशाला? कुणाचं काय ऐकायला?"

या प्रश्नाला खरं उत्तर होतं आणि ते देता येण्यासारखं नव्हतं. तिने तोंड उघडलं, मिटलं. तिच्या गप्प बसण्याने खोलीतल्या सगळ्यांची खात्री पटत चालली होती, हे तिला दिसत होतं. एखाद्याचं तोंड बंद झालं की बाकीच्यांची खात्री कशी पटत जाते ते तिने आजवर नेहमी बाहेरच्या बाजूने पाहिलं होतं. गवंडी तिच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसतं वाईट वाटलेलं होतं, आणि ते जास्त लागत होतं.

"ती नाही सांगणार," बागवाला म्हणाला.

तो कपातच बघत होता. पण आवाज ठाम होता.

"तुम्ही तिची बाजू घेताय?" दुकानदार म्हणाला. "तुम्ही?"

"बाजूबिजू नाही. मला ही बाई आवडत नाही. सगळ्या गल्लीसमोर तिने मला कसाई म्हटलंय, माझी बायको आठवडाभर घराबाहेर पडली नव्हती. पण म्हणूनच सांगतो. या बाईला जे बोलायचं असतं ते ती फाटकावर येऊन, तोंडावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलते. कुजबुज तिला जमतच नाही. हिने सांगितलं असतं तर हिनेच सांगितलं हे तुम्हाला विचारावं लागलं नसतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. नर्सताईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

मधवालीला काय वाटलं ते तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. सबंध वर्ष तिने या माणसाविरुद्ध पुरावा गोळा केला होता, आणि तिच्या बाजूने साक्ष द्यायला तोच उभा राहिला होता. ती उठली. वाटलं असं की घरी निघावं. पण पाय दाराकडे वळले नाहीत.

"मी सांगते," ती म्हणाली. "माझं. माझे वडील पिठाची गिरणी चालवायचे. तुमच्या या गावासारखंच गाव. गिरणीत सगळं गाव यायचं. एका वर्षी तिथे उलट्या-जुलाबाची साथ आली. कुणीतरी म्हणालं, पिठात काहीतरी आहे. कुणी म्हणालं ते कळलं नाही. विचारायला कुणी आलं नाही. नुसतं दळण यायचं बंद झालं. आमच्या शेजारी एक मावशी होत्या, रोज माझी वेणी घालायच्या. मी त्यांच्या दारात गेले तर त्यांनी दार लावलं. आपटलं नाही हो. हळूच लावलं, मला लागू नये असं."

मधवालीने पदराने कपाळ पुसलं.

"वडील दारात उभे राहायचे. रस्त्याने कुणी गेलं की डब्यातलं चिमूटभर पीठ घ्यायचे आणि त्याच्या देखत तोंडात टाकायचे. बघा, मी खातोय. कोरडं पीठ. ठसका लागायचा, तरी खायचे. शेवटी आम्ही एका टेम्पोत सामान भरलं आणि निघालो. पुढच्या वर्षी तिथे साथ परत आली असं कानांवर आलं. तेव्हा गिरणी बंद होती. पण बोलवायला कुणी आलं नाही, चुकलं म्हणायलाही नाही. वडील पुढे मजुरी करायचे, तरी घरात काही शिजलं की आधी स्वतः घास घ्यायचे, मग आम्हाला वाढू द्यायचे. मरेपर्यंत. म्हणून मी मध आधी चाटते. तुम्ही हसता, मला माहीत आहे. हसा."

कुणी हसलं नाही. तिची नजर फिरत फिरत बागवाल्यावर आली आणि तिथे अडकली. तिला पुढे काहीतरी बोलायचं होतं, फाटकाबद्दल, त्याच्या बायकोबद्दल, पण शब्द जुळेनात. ती खाली बसली.

बागवाल्याने कप बाकावर ठेवला. मग त्याने मान वर केली.

"म्हणजे माझ्या ठिबकच्या नळ्या तुम्ही नाही कापल्या?"

"काय?"

"मागच्या बहरानंतर. रोज एक नळी कापलेली सापडायची. मी म्हटलं, माश्यांचा सूड घेताय. उद्या पंपही फोडाल, म्हणून तर त्याच्या खोलीला कुलूप घातलं."

मधवाली त्याच्याकडे बघतच राहिली. ते कुलूप! "मी नळ्या कापू? कशाने? घरात एक कात्री आहे ती वन्संची, त्या मला तिला हात लावू देत नाहीत."

"खारी," म्हातारा म्हणाला. "खारी कुरतडतात त्या. माझ्याही कुरतडल्या होत्या. मला कुणी विचारलंच नाही."

आता मात्र सगळी खोली हसली. गवंडीसुद्धा. हसून झाल्यावर तो दाराजवळच्या बाकावर बसला. त्याचं गुपित बाहेर कुणी नेलं ते आजतागायत कळलेलं नाही. मधवालीच्या नणंदेचा संशय दुकानदारावर आहे, दुकानदाराचा कंत्राटदाराच्या डोळ्यांवर, की त्यानेच स्वतः पाहिलं असेल. म्हाताऱ्याचा संशय अजून कंपनीवर आहे.

यानंतर दोन घरांत गोडी झाली असं समजू नका. रस्त्यात भेटले तर आता मान हलवायचे, एवढंच. बहर आला. मधवालीने पेट्या दुरुस्त केल्या होत्या, माश्यांची नवी वसाहत आणून बसवली होती, आणि रोज उठली की आधी मागच्या दाराला जायची.

एका सकाळी पेट्यांपुढे पुन्हा माश्या पडलेल्या दिसल्या. खच नव्हता, पण होत्या. जिभा बाहेर.

जे काही त्या खोलीत घडलं होतं ते सगळं क्षणात पुसलं गेलं. गोड बोलून गाफील ठेवलं मला, तिच्या मनात आलं. माश्या ओच्यात घेऊन ती फाटकापर्यंत धावली. बागवाला पायरीवर बसून चहा पीत होता. तिला बघून उभा राहिला. तिने ओरडायला श्वास घेतला आणि तो तसाच छातीत राहिला.

"इकडे या," ती म्हणाली. "बघा."

तो आला. माश्या हातात घेऊन त्याने उलटसुलट केल्या. "मी अजून औषध मारलेलं नाही," तो म्हणाला.

"फवारणीचा पंप दाखवा."

त्याने किल्ली काढली, कुलूप उघडलं. पंप कोरडा ठणठणीत होता, नळीच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. तिने बोट घालून ते जाळंही तपासलं. तो बघत राहिला. त्याला राग आला नाही. "मीही तपासलं असतं," तो म्हणाला.

मग दोघं जाळीच्या दोन बाजूंना उभे राहून माश्यांकडे बघू लागले. माश्या पेट्यांतून निघत होत्या, काही त्याच्या झाडांवर चढत होत्या. बागवाल्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने हात वर केला. "सगळा आवाज बागेत येत नाही," तो म्हणाला. "काही तिकडे जातोय. खालून. रस्त्याच्या अंगाने."

तिला ते ऐकू येत नव्हतं, पण बघायला गेल्यावर दिसलं. माश्यांची एक बारीक रांग जमिनीसरशी उडत रस्ता ओलांडून उताराला लागत होती. दोघं तिच्यामागे चालत गेले. गल्लीतली माणसं दारात येऊन बघू लागली; ही दोघं एकत्र चाललीत हेच मुळात बघण्यासारखं होतं. रांग मोरीच्या पुलाखाली उतरली. तिथे ओघळाचं उथळ पाणी साचलं होतं, शेवाळलेले दगड वर आले होते आणि दगडांच्या कडेला माश्या ओळीने बसून पाणी पीत होत्या. पाण्यावर निळसर तवंग होता. काठावर औषधाच्या फाटलेल्या पुड्या, एक बाटली, पंपाचा एक तुटका नोझल.

गावातला प्रत्येक जण औषध मारून झालं की इथेच पंप धुवायचा. पाणी हाताशी होतं आणि घरात वास येत नव्हता.

मधवाली दगडावर टेकली. "तुम्ही कुठे धुता?" तिने विचारलं.

"इथेच."

"मागच्या वर्षीही?"

"मागच्या वर्षीही."

"म्हणजे तुम्हीच," ती म्हणाली.

"मीही," तो म्हणाला.

पाण्यात एक माशी पंख फडफडवत गोल फिरत होती. बागवाल्याने काडी पुढे केली, माशी तिच्यावर चढली, त्याने ती उन्हात ठेवली. ती जगेल असं दोघांनाही वाटत नव्हतं.

रविवारी मधवालीने मोरीचं सांगितलं तेव्हा मोठा गलका झाला. "म्हणजे आता आम्ही सगळेच खुनी का?" एक जण तडकला. "तो नोझल माझा नाही," दुसरा कुणी न विचारताच म्हणाला. दुकानदाराने औषधाच्या पुड्या विकतो म्हणून आपल्याकडे बोट दाखवणार हे ओळखून आधीच हात वर केले. नर्सताईंनी कुणाला गप्प केलं नाही. भांडून भांडून माणसं दमली. मग गवंडी म्हणाला की गावाबाहेरच्या खडकाळ पडीक तुकड्यावर, ओघळापासून लांब, पंप धुवायला एक पक्का हौद बांधता येईल, त्यातलं पाणी उन्हात आटून जाईल. "काम सगळं जमिनीवरचं आहे," तो म्हणाला आणि आपणच हसला.

हौद झाला. बरेच जण तिथे जातात. काही अजून मोरीवर जातात आणि विचारलं तर गेलोच नव्हतो म्हणतात. मधवालीने परातीत खडे टाकून पेट्यांजवळ स्वच्छ पाणी ठेवलं, आणि जाळीपलीकडे बागवाल्याच्या बायकोनेही तशीच एक परात ठेवली. तिच्याशी मधवाली अजून नीट बोललेली नाही. एकदा मधाची बाटली घेऊन गेली होती, ती बाईने घेतली आणि "बसा" म्हणाली नाही. ठीक आहे. तिलाही वेळ लागणार.

बहर ओसरत आला तसा एका दुपारी बागवाला मागच्या दारी आला. "उद्या संध्याकाळी औषध मारणार आहे," तो म्हणाला. "माश्या घरात परतल्या की मग. तुम्ही पेट्यांची तोंडं झाकून घ्या."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तसं तिने पेट्यांवर ओली गोणपाटं टाकली, उशिरा परतणाऱ्या माश्यांपुरती फट तेवढी ठेवली. मग आत जाऊन मागच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकवून उभी राहिली.

"आता काय बघतेस?" नणंदेने विचारलं.

"सांगितल्याप्रमाणे करतो का ते."

बागवाला पाठीवर पंप घेऊन झाडांखाली उभा होता. त्याने पंप सुरू केला नव्हता. मान कलती करून तो थांबला होता, शेवटची माशी घरी जाईपर्यंत. बऱ्याच वेळाने त्याने हात दांड्यावर ठेवला, आणि तेवढ्यात त्याची नजर खिडकीकडे गेली. पडद्याची फट त्याला दिसली. त्याने हात वर केला.

मधवाली पटकन मागे सरकली. मग तिला स्वतःचंच हसू आलं. तिने पडदा पूर्ण बाजूला केला आणि उघड्या खिडकीत, त्याला दिसेल अशी, बघत उभी राहिली.